जनावर बाजूला का होत नाही?

रात्रीचा प्रवास करून आलेला मनुष्य वाटेतल्या अपघाताची हकिकत सांगू लागला म्हणजे ऐकणारे चुकचुकतात, आणि त्यांच्यातील एखादा तरी हमखास विचारतो, की दिव्यांचा एवढा लखलखाट, चाकांचा एवढा घरघराट आणि रस्ता दोन्ही अंगांना मोकळा असताना ते भेकर, तो कोल्हा किंवा ते कुत्रे बाजूला का झाले नाही? या प्रश्नात कुतूहलाइतकाच स्वतःची सुटका करून घेण्याचा भागही पुष्कळदा असतो, कारण जनावर मूर्ख ठरले की चालक आपोआप निर्दोष ठरतो. तथापि प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधू लागले असता प्रथम जनावराच्या डोळ्यापर्यंत, मग त्याच्या स्वभावापर्यंत आणि अखेरीस रस्ता बांधणाऱ्या खात्याच्या नकाशापर्यंत जावे लागते. म्हणून प्रस्तुत प्रकरणात तोच क्रम ठेवला आहे.

१. अंधाराला सरावलेला डोळा

मनुष्याच्या डोळ्याची घडण दिवसाच्या व्यवहारासाठी आहे, तर चितळ, बिबट्या, उदमांजर, कोल्हा यांच्या डोळ्यांची घडण संधिप्रकाशासाठी आणि रात्रीसाठी आहे. त्यांची बाहुली अंधारात विलक्षण रुंदावते. शिवाय या प्राण्यांच्या नेत्रपटलामागे आरशासारखा चकचकीत थर असतो. जो प्रकाश पहिल्या खेपेस नेत्रपटलाने टिपला नाही तो या थरावर आदळून परत फिरतो आणि दुसऱ्या खेपेस टिपला जातो. दिव्याच्या झोतात जनावरांचे डोळे हिरवट अथवा पिवळसर चमकतात ते ह्या परतणाऱ्या प्रकाशामुळेच. चांदण्याच्या कवडशात वाट शोधण्यासाठी घडलेल्या अशा इंद्रियावर मोटारीचा झोत एकाएकी पडला, म्हणजे ते जनावर काही क्षण जवळजवळ आंधळे होते. आपल्याला वाटते की आपण त्याला रस्ता दाखवीत आहोत. वस्तुतः आपण त्याच्यापासून रस्ता हिरावून घेतलेला असतो, आणि ज्याला पाऊल कोठे टाकावे हे दिसत नाही तो प्राणी जेथे आहे तेथेच उभा राहतो.

येथे चालकांसाठी एक गोष्ट जाता जाता सांगण्याजोगी आहे. रानडुकराच्या डोळ्यांत हा थर नसतो. रात्री डोळे चमकले म्हणजे जनावर आहे असे मानून चालणाऱ्यास काळ्या डांबरावरचे काळे डुक्कर अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

दिपून जाण्याखेरीज दुसरी अडचण अंतर ओळखण्याची आहे. चितळासारख्या प्राण्याचे डोळे मस्तकाच्या दोन बाजूंना असतात. त्यामुळे मागून दबकत येणारा शत्रूही त्याला दिसतो, परंतु समोरून सरळ रेषेत येणारी वस्तू किती दूर आहे हे त्याला आपल्याइतके अचूक कळत नाही. अशा वस्तूचे जवळ येणे डोळ्याला मुख्यतः तिच्या वाढत्या आकारावरून समजते. आता ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी मोटार घ्या. ती २०० मीटरांवरून १०० मीटरांवर आली की तिचा दिसणारा आकार दुप्पट होतो, आणि या दुपटीला सुमारे साडेतीन सेकंद लागतात. ती २० मीटरांवरून १० मीटरांवर आली तरी आकार दुप्पटच होतो, परंतु आता त्या दुपटीला एका सेकंदाचा जेमतेम तिसरा हिस्सा लागतो. म्हणजे प्रदीर्घ काळ ती वस्तू फारशी वाढल्यासारखी वाटतच नाही, आणि जेव्हा वाढल्यासारखी वाटते तेव्हा उडी मारण्यापुरताही अवधी उरलेला नसतो.

२. शत्रूपासून वाचवणारी विद्या

इंद्रियांनी वर्दी दिल्यानंतर काय करावयाचे हे प्रत्येक प्राण्याच्या अंगी पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले असते, आणि खरी गोम येथेच आहे. वाहनासमोर आलेल्या प्राण्यांचे वर्तन पाहून अभ्यासकांनी त्यांचे ढोबळ मानाने चार वर्ग केले आहेत: वाहनाची दखलच न घेणारे, दखल घेऊन थबकणारे, जीव घेऊन पळणारे आणि रस्त्यापासून मुळातच दूर राहणारे.

पहिल्या वर्गात बेडूक, पुष्कळसे साप आणि कीटक येतात. थबकणाऱ्यांचा नमुना म्हणजे साळिंदर व खवले मांजर. साळिंदर पाठ फिरवून काटे फुलवते. खवले मांजर अंगाचे वेटोळे करून खवल्यांचा किल्ला बंद करून घेते. बिबट्याला विचार करावयास लावणारी ही युक्ती आहे, आणि ती लक्षावधी वर्षे उपयोगी पडली म्हणूनच आजपर्यंत टिकली. परंतु दहा टनी मालमोटारीला काट्यांची भीती वाटत नाही. किल्ला बंद करून घेणारे जनावर या शत्रूपुढे स्वतःला नेमके त्याच्या चाकाखाली स्थिर ठेवते. पळणाऱ्यांची, म्हणजे हरणे व ससे यांची गतही निराळी नाही. ससा सरळ पळत नाही. तो डावीकडे उजवीकडे हुलकावण्या देत पळतो, कारण मागून झेपावणाऱ्या कोल्ह्याचा नेम चुकविण्याचा तोच मार्ग आहे. रस्त्याच्या कडेला सुखरूप पोहोचलेला ससा अखेरच्या क्षणी उलटा फिरून चाकाखाली येतो आणि चालक कपाळावर हात मारून घेतो. पण मोटार त्याचा पाठलाग करीत नसून केवळ आपल्या वाटेने जात आहे, हे त्या सशाने कोणत्या अनुभवावरून ओळखावे? कळपाने राहणाऱ्या चितळांत आणखी एक भर पडते. पुढची मादी रस्ता ओलांडून गेली की मागच्या सगळ्यांना तिच्याशी जाऊन मिळण्याची ओढ लागते. म्हणून एक चितळ पार झाले की रस्ता मोकळा झाला, असे समजून पाय पुन्हा दाबणारा चालक पुष्कळदा दुसऱ्या किंवा तिसऱ्या चितळाला गाठतो.

पक्षी तरी उडून जात असतील, असे कोणी म्हणेल. या बाबतीत दोन अभ्यास मोठे मनोरंजक आहेत. अमेरिकेतील संशोधकांनी काउबर्ड नावाच्या पक्ष्यांना निरनिराळ्या वेगाने अंगावर येणाऱ्या मोटारीचे चलचित्र दाखविले आणि पक्षी केव्हा उडतो हे पाहिले. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात असे दिसले की पक्षी मोटारीचा वेग पाहत नाही, तिचे अंतर पाहतो. मोटार ठराविक अंतराच्या आत आली की तो उडतो, मग ती सावकाश येत असो वा भरधाव. सावकाश येणाऱ्या मोटारीपुढे हा हिशेब चालून जातो, पण वेग ताशी सुमारे १२० किलोमीटरांच्या पुढे गेला की उडण्याइतका वेळच पक्ष्याला मिळत नाही. फ्रान्समधील अभ्यासकांना मात्र जे आढळले ते त्याहून चमत्कारिक होते. तेथील पक्षी ज्या रस्त्यावर वेगाची मर्यादा अधिक त्या रस्त्यावर अधिक लांबून उडत, परंतु समोरची विशिष्ट मोटार मर्यादेपेक्षा जलद आहे की मंद याचा त्यांच्या उडण्याशी संबंध नव्हता. याचा अर्थ असा, की पक्ष्यांनी त्या रस्त्याची रीत शिकून घेतली होती; मर्यादा मोडणाऱ्या चालकाची रीत शिकणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. सरकारच्या वेगमर्यादेचा इतका विश्वासू अनुयायी माणसांत क्वचितच सापडेल.

३. वेगाचे गणित

जनावराच्या मर्यादा पाहिल्या. आता चालकाच्या पाहू. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सामान्य मनुष्याला सुमारे दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात मोटार पूर्ण वेगाने पुढे जात असते. त्यानंतर ब्रेक लागून ती थांबेपर्यंतचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की हे अंतर चौपट होते.

कोरडा, चांगला रस्ता धरून हिशेब असा पडतो. ताशी ६० किलोमीटर वेगाला दीड सेकंदात मोटार २५ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी २० मीटर, म्हणजे एकूण ४५. ताशी १०० किलोमीटर वेगाला तेच आकडे ४२ व ५५, म्हणजे एकूण ९७ मीटर. आता खाली वळवलेल्या दिव्याच्या उजेडात जनावर साधारण ५० मीटरांवर दिसले असे मानू. साठच्या वेगाचा चालक त्याच्या अलीकडे थांबतो. शंभरच्या वेगाच्या चालकाचा पाय ब्रेकवर पडतो तेव्हा मध्ये फक्त ८ मीटर उरलेले असतात, आणि टक्कर होते तेव्हा मोटारीचा वेग ताशी ९२ किलोमीटरांच्या घरात असतो. त्याने ब्रेक दाबला होता हे खरे, प्रामाणिकपणे दाबला होता हेही खरे, पण त्याचा निकाल पाय हलण्यापूर्वीच लागून गेला होता. पावसाळी रस्त्यावर हे आकडे याहून वाईट होतात.

प्रौढ गवा आठशे-नऊशे किलोंचा असू शकतो. राधानगरी-आंबोलीकडच्या रस्त्यांवर रात्री वाहन हाकणाऱ्याने हे वजन आणि वरचे आकडे एकत्र मनात आणले तर प्राणिदयेचा उपदेश वेगळा करावयाची गरज पडणार नाही. याउलट लहान जनावराला चुकविण्यासाठी चाक एकाएकी वळविल्यामुळे मोटार झाडावर किंवा समोरच्या वाहनावर आदळून माणसे दगावल्याच्या घटनाही पुष्कळ होतात. म्हणून आपल्या मार्गिकेत सरळ राहून जोराने ब्रेक दाबणे हाच सर्वसाधारण नियम होय.

४. बेडकाचा हिशेब

वाघ किंवा बिबट्या मेला तर वर्तमानपत्रात बातमी येते. परंतु पावसाळ्याच्या पहिल्या काही रात्री सह्याद्रीतील एखाद्या घाटरस्त्यावर जे घडते त्याची दखल घेणारे थोडे. पाऊस पडला की बेडकांचे नर डबक्यांकडे निघतात, माद्या त्यांच्या आवाजाच्या रोखाने येतात, आणि मध्ये डांबरी रस्ता असतो. बेडूक ७ मीटर रुंदीचा रस्ता थांबत थांबत ओलांडतो. त्याला पाच मिनिटे लागतात असे धरू. मोटारीच्या दोन चाकांनी व्यापलेली रुंदी आणि बेडकाचे स्वतःचे अंग मिळून रस्त्याचा साधारण पंधरावा हिस्सा होतो, म्हणजे एका वाहनापासून त्याच्या जिवाला पंधरात एक इतका धोका आहे असे समजा.

दर मिनिटाला एक वाहन जात असेल तर बेडकाला पाच वाहनांतून पार व्हावयाचे आहे; हिशेब केला असता शंभरांपैकी सुमारे ७१ बेडूक पलीकडे पोहोचतात. आता शनिवार आला, पुण्यामुंबईची मंडळी धबधबे पाहावयास निघाली आणि दर मिनिटाला दहा वाहने जाऊ लागली. बेडकाला पन्नास वाहनांतून जावे लागते, आणि शंभरांपैकी पोहोचतात फक्त ३. वाहने दसपट झाली तर मृत्यूही दसपट होतील असा आपला सामान्य समज असतो. येथे मात्र मागे जवळजवळ कोणी उरतच नाही. माझे आकडे सोयीसाठी धरलेले आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष सोयीचा नाही.

आंबोलीच्या सड्यांवर राहणारा, जगात अन्यत्र कोठेही न आढळणारा आंबोली टोड हा लहानसा भेक २००९ साली शास्त्राच्या दप्तरी दाखल झाला. तेथीलच देवगांडूळ हा पाय नसलेला उभयचर प्राणी गांडूळ किंवा सापाचे पिल्लू समजून चिरडला जातो. ज्या प्राण्याची सारी वस्ती एका घाटमाथ्याच्या आसपास सामावली आहे, त्याच्या दृष्टीने त्या माथ्यावरून जाणारा एक रस्ता आणि त्यावरील सुट्टीची एक पावसाळी रात्र म्हणजे काय असेल, हे वरच्या उदाहरणावरून ताडता येईल.

५. रस्ता बोलावतो

जनावरे रस्ता ओलांडण्यापुरतीच रस्त्यावर येतात असेही नाही. दिवसभर तापलेले डांबर रात्री सावकाश निवते. ज्यांचे रक्त भोवतालच्या उष्णतेवर अवलंबून असते अशा घोणस, फुरसे यांच्यासारख्या सापांना ती शेकण्याची आयती जागा वाटते. रातवा पक्षीही रस्त्यावर बसून राहतो. सुगीत मराठवाडा-विदर्भाच्या रस्त्यांवर सोयाबीन व ज्वारी वाळत घातलेली असते आणि धान्याच्या मालमोटारींतून दाणे सांडतात. दाण्यांसाठी होले व चिमण्या दिवसा येतात, उंदीर रात्री येतात, उंदरांमागे पिंगळा व गव्हाणी घुबड येते, आणि उंदरावर डोळे लावून जमिनीलगत उडत आलेल्या घुबडाला मोटार दिसत नाही. घुबड मेले की पहाटे त्यावर कावळे व मुंगूस येतात, किंवा रात्रीच कोल्हा किंवा तरस येते. अशा रीतीने एका मृत्यूमुळे दुसरा ओढवतो. घाटात वानरांना केळी व बिस्किटे घालणारे भाविक तर ही सारी व्यवस्था स्वखर्चाने चालवितात. मांजर आडवे गेले म्हणून वाहन थांबवून दुसऱ्या कोणाला पुढे जाऊ देणारे लोक मी पाहिले आहेत. ते मांजर आडवे जात असताना वाहन थांबविणारे त्या मानाने कमी दिसले.

६. मेलेल्यांची मोजदाद

रस्त्यावरील मृत्यू मोजण्याचा उद्योग मोटारीइतकाच जुना म्हटला तरी चालेल. १९२४ च्या जूनमध्ये डेटन स्टोनर नावाचे अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आपल्या पत्नीसह आयोवा प्रांतात ६३२ मैलांचा प्रवास करून आले, आणि वाटेत पडलेले मृत प्राणी त्यांनी नोंदून ठेवले. २९ जातींचे २२५ प्राणी भरले. पुढील वर्षी हा हिशेब प्रसिद्ध झाला तेव्हा मोटार ही प्राण्यांच्या मृत्यूचे एक महत्त्वाचे कारण होऊ पाहत आहे, हे शास्त्रीय जगापुढे प्रथमच आकड्यांनिशी आले.

परंतु असे आकडे नेहमी कमीच असतात. पंगत उठून पत्रावळी उचलल्यानंतर जमिनीवरच्या शितांवरून किती पाने वाढली होती हे ठरवू पाहावे, तशातला हा प्रकार आहे. लहान बेडूक पहाटेपर्यंत कावळ्यांनी उचललेला असतो, उरलेला चाकांनी डांबराशी एकजीव केलेला असतो, आणि धडक बसूनही झुडपात शिरून दुसऱ्या दिवशी मेलेले जनावर तर रस्त्याच्या हिशेबात कधीच धरले जात नाही.

जनावरे कालांतराने शिकतील अशी आशा काही लोक बाळगतात. अमेरिकेतील नेब्रास्का प्रांतात पुलांखाली घरटी करणाऱ्या भिंगरी कुळातील पक्ष्यांचा १९८२ पासून ३० वर्षे अभ्यास झाला. त्यात वाहनांखाली मरणाऱ्या पक्ष्यांची संख्या हळूहळू घटत गेली, जिवंत पक्ष्यांचे पंख सरासरीने आखूड होत गेले, आणि मेलेल्यांचे पंख मात्र लांब आढळले. आखूड पंखांच्या पक्ष्याला जागच्या जागी चटकन वर उठता येते. लांब पंखांचे मरत गेले व आखूड पंखांच्यांची प्रजा वाढत गेली, असा त्याचा अर्थ लावण्यात आला. मात्र हा पक्षी दरवर्षी अनेक अंडी घालतो, आणि त्याच्या वसाहतीत हजारो जीव असतात. वाघिणीला दोन-तीन वर्षांतून एकदा पिल्ले होतात. तिच्या वंशाने मोटार शिकण्याइतकी पिढ्यांची उधळपट्टी करावी कशी?

आणि येथे चौथ्या वर्गाची, म्हणजे रस्त्याच्या जवळच न येणाऱ्या प्राण्यांची आठवण ठेवली पाहिजे. ते रस्त्यावर मरत नाहीत, म्हणून मोजदादीत येत नाहीत. परंतु त्यांच्या दृष्टीने रस्ता म्हणजे भिंत होय. विदर्भातील ताडोबा, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा ही जंगले झाडीच्या चिंचोळ्या पट्ट्यांनी एकमेकांशी जोडलेली आहेत. सुमारे दोन वर्षांचा तरुण वाघ आईपासून वेगळा होऊन याच पट्ट्यांतून स्वतःचा इलाखा शोधीत निघतो. जो रस्त्यापाशी अडतो तो जुन्या जंगलातच थोरल्या वाघांशी झुंजत राहतो, आणि तिकडचे नवे रक्त इकडे येणे बंद होते. जो अडत नाही त्याचे काय होते याचीही उदाहरणे आहेत. बोर प्रकल्पातील बाजीराव नावाने प्रसिद्ध असलेला वाघ डिसेंबर २०१७ मध्ये नागपूर-अमरावती महामार्गावर बाजारगावाजवळ वाहनाच्या धडकेने मेला. ऑगस्ट २०२३ मध्ये गोंदिया-कोहमारा रस्त्यावर मुरदोलीच्या जंगलात मोटारीची धडक बसलेला तरुण वाघ अंग ओढत झाडीत शिरतानाचे चित्रण अनेकांनी पाहिले. उपचारासाठी नागपूरला नेत असता वाटेतच त्याचा अंत झाला.

७. रस्त्याखालचा रस्ता

यावर उपाय तीन प्रकारचे आहेत. पहिला, ठराविक वेळी वाहतूक बंद ठेवणे. कर्नाटकातील बंदीपूरच्या जंगलातून जाणाऱ्या महामार्गांवर २००९ पासून रात्री ९ ते पहाटे ६ वाहतुकीस मनाई आहे. केरळाकडील व्यापाऱ्यांचा व प्रवाशांचा विरोध मोठा होता आणि तो अद्याप मावळलेला नाही, तरी २०१० साली उच्च न्यायालयाने मनाई कायम ठेवली. दुसरा उपाय वेग कमी करावयास लावण्याचा. हरणाचे चित्र असलेली पिवळी पाटी हा त्याचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत निरुपयोगी प्रकार. रस्त्यावर आडवा घातलेला उंचवटा हा त्याहून परिणामकारक, कारण पाटी न वाचणाऱ्यालाही तो समजतो.

तिसरा उपाय खर्चाचा, पण खरा. नागपूरहून शिवनीकडे जाणारा जुना सात क्रमांकाचा, आताचा चव्वेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पेंचच्या जंगलातून जातो. तो चौपदरी करताना दीर्घकाळ कोर्टकज्जे झाले, आणि अखेर महाराष्ट्राच्या हद्दीतील सुमारे १६ किलोमीटरांच्या पट्ट्यात नऊ ठिकाणी रस्ता खांबांवर उचलून खालून जनावरांना वाट ठेवण्यात आली. यांतील सर्वांत अरुंद वाट ५० मीटरांची, तर सर्वांत रुंद ७५० मीटरांची आहे. जनावरे इतक्या प्रशस्त सावलीतून जातील की नाही याबद्दल शंका घेणारे पुष्कळ होते. देहरादूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेने खांबांवर आपोआप छायाचित्रे घेणारे कॅमेरे लावले. मार्च ते डिसेंबर २०१९ या काळात १८ जातींचे वन्य प्राणी या वाटांनी गेल्याचे दिसले. चितळ व रानडुकरे पुष्कळ, रानकुत्री, बिबटे, आणि ११ निरनिराळे वाघ मिळून ८९ वेळा.

कॅनडातील बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातून जाणाऱ्या महामार्गावर याच कल्पनेचा विस्तार आधीपासून चालू आहे. तेथे ६ पूल रस्त्यावरून आणि ३८ वाटा रस्त्याखालून आहेत, आणि कडेने उंच कुंपण आहे. टकरी ८० टक्क्यांहून अधिक घटल्या. या कुंपणाचे महत्त्व आपल्याकडे पुरेसे ओळखले जात नाही. पूल जनावराला वाट देतो, कुंपण त्याला त्या वाटेपर्यंत आणून सोडते. एकाविना दुसऱ्याचा खर्च अर्धा वाया जातो. शिवाय तेथील अस्वलांनी नव्या वाटांवर विश्वास टाकावयास काही वर्षे घेतली. पहिल्या हिवाळ्यातच छायाचित्रे न मिळाल्यामुळे योजना फसली असा शेरा फायलीवर मारणाऱ्या अंमलदारांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

८. समोर जखमी जनावर असेल तेव्हा

प्रथम स्वतःला व मागच्या वाहनांना जपावे. गाडी पुढे नेऊन कडेला घ्यावी, धोक्याचे दिवे लावावेत, द्रुतगती मार्गावर पायी उतरू नये. वनखात्याच्या मदतीचा दूरध्वनी महाराष्ट्रात १९२६, राष्ट्रीय महामार्गाच्या मदतीचा १०३३, पाळीव गुराढोरांच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ आणि पोलिसांचा ११२ आहे.

जनावर मोठे असेल, म्हणजे बिबट्या, वाघ, गवा, डुक्कर किंवा वानर असेल, तर जवळ जाऊच नये. निपचित पडलेला बिबट्या बहुतेक वेळा मेलेला नसून सुन्न झालेला असतो. शुद्ध येताच तो उठतो, आणि तोपर्यंत भोवती फोन उंचावून उभे राहिलेल्यांचे कोंडाळे झालेले असते. अशा वेळी सर्वांत मोलाची मदत म्हणजे लोकांना दूर ठेवणे आणि जनावराला निसटण्याची एक बाजू मोकळी ठेवणे.

हरणाच्या बाबतीत वेगळीच काळजी घ्यावी लागते. पकडले जाण्याच्या भीतीने व धडपडीने हरणाच्या स्नायूंची इतकी हानी होते, की हाडे न मोडलेले हरिणदेखील काही तासांनी किंवा दिवसांनी मरू शकते. त्याला घेरून, बांधून, गोंजारून, गाडीत घालून ‘वाचविणे’ हे पुष्कळदा त्याच्या मृत्यूचे कारण ठरते. ते हलत नसेल तर डोळ्यांवर हलकेच कापड टाकावे, गोंगाट बंद करावा आणि वनरक्षकाची वाट पाहावी. पक्षी सापडला तर कापडाने अलगद उचलून भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवावा. तोंडात पाणी घालण्याचा मोह कोणत्याही जखमी प्राण्याच्या बाबतीत आवरावा, कारण अर्धवट शुद्धीत ते पाणी श्वासनलिकेत जाते. मेलेल्या सापालाही हात लावू नये. मृत्यूनंतर काही काळ त्याचे डोके प्रतिक्षिप्त क्रियेने दंश करू शकते. जखमी कुत्रा आपल्या मालकालाही चावतो, म्हणून उचलण्यापूर्वी त्याचे तोंड कापडाच्या पट्टीने बांधावे, मात्र त्याला श्वास घेता येत आहे ना ते पाहावे. आणि तरीही चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुऊन ताबडतोब दवाखाना गाठावा.

जनावर मेले असेल तर कायद्याचा भाग सुरू होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार वन्य प्राण्याचे प्रेत ही सरकारी मालमत्ता होय. साळिंदराचे काटे आठवण म्हणून गाडीत टाकणे हा गुन्हा आहे, सशाचे मटण घरी नेणे हाही गुन्हा आहे. असे काही हाती आले असल्यास ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला अथवा वनाधिकाऱ्याला इत्तला द्यावी लागते. वाघ-बिबट्यांच्या अपघातांत चालकांवर गुन्हे दाखल झाले आहेत, आणि या भीतीने पळून जाणारे बरेच असतात. परंतु जखमी जनावराच्या दृष्टीने त्या चालकाचा एक दूरध्वनी हीच पुष्कळदा एकमेव संधी असते, आणि पळून गेल्याने कसूर कमी होत नाही. बेडूक, सरडा यांसारखे लहान प्रेत काठीने रस्त्याच्या बाहेर सारावे, म्हणजे त्यावर येणारा कावळा किंवा मुंगूस वाचेल. मोठे प्रेत मात्र पंचनामा होईपर्यंत जागचे हलवू नये.

वर्दी देताना जंगलाचे नाव सांगून भागत नाही. किलोमीटरच्या दगडावरचा आकडा, वेळ आणि जनावर रस्त्याच्या कोणत्या बाजूकडून आले हे सांगावे. वनपालाच्या नोंदवहीत त्याच दगडाचा आकडा पुन्हा पुन्हा येऊ लागला म्हणजे जनावरांची जुनी वाट तेथून जाते हे कागदोपत्री सिद्ध होते, आणि रस्ता रुंद करण्याचा प्रस्ताव पुढे आला की खांबांवर उचलावयाचा तुकडा नेमका कोणता, या प्रश्नावर बांधकाम खात्यासमोर ठेवावयास वनखात्याच्या हाती तेवढाच पुरावा असतो.